मंजूर मजकूर

बिनतारी संचाच्या मुख्य कळीवर लाखेची एक मोहोर होती. आकाराने चार आण्याच्या नाण्याएवढी, रंगाने जुन्या विटेसारखी. मुळात तिच्यावर सिंहांची मुद्रा उमटलेली असावी. पण अमरावतीचा एक अख्खा उन्हाळा प्रयोगशाळेच्या पत्र्याखाली काढल्यामुळे लाख ओघळली होती आणि सिंहांच्या आयाळी एकमेकींत मिसळून तिथे आता साधारण मेंढीसारखं काहीतरी दिसत होतं. उजव्या कडेला एक काळा केस चिकटला होता. तो मोहोर लावणाऱ्या कारकुनाच्या मिशीचा असावा, असं विद्यार्थ्यांचं अनुमान होतं. विभागप्रमुख प्रा. महादेवराव यांनी मात्र त्यावर मत देण्याचं टाळलं, कारण केस हा मोहोरेचा भाग धरावा की नाही, याबद्दल वरून सूचना आलेली नव्हती.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या सत्यवती तायडेला हे सगळं इतक्या बारकाईने ठाऊक होतं, त्याला कारण होतं. त्या वर्षी ‘बिनतारी संदेशवहन’ या विषयात पाहण्यासारखं दुसरं काही उपलब्धच नव्हतं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि उद्याचं विज्ञान आजच शिकवायचं, असं विद्यापीठाने ठरवलं होतं. त्यासाठी लढाईतून उरलेले दोन बिनतारी संच विकत घेण्यात आले. एक अमरावतीच्या महाविद्यालयात आला, दुसरा त्याच संस्थेच्या अकोल्याच्या महाविद्यालयात गेला. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, इतकी साधी योजना. परंतु संच विकत घ्यायला परवानगी लागत नसली तरी तो जवळ ठेवायला लागत होती. ती आली, तेव्हा मोहोर फोडायला वेगळी लागते असं कळलं. मग ऐकण्याची, मग बोलण्याची. बोलण्याची परवानगी नेहमी सर्वांत शेवटी येते, हे महादेवरावांनी एखाद्या शास्त्रीय नियमासारखं फळ्यावर लिहून दिलं आणि मुलांनी ते पाठ केलं.

दरम्यान अभ्यासक्रम थांबवणं शक्य नव्हतं. म्हणून प्रात्यक्षिकं हवेत घेतली जात. विद्यार्थी बाकांवर ओळीने बसत, उजवा हात पुढे करत आणि नसलेली कळ फिरवत. महादेवराव मागून फिरत प्रत्येकाचं मनगट तपासत.

“तायडे, फार पुढे गेलीस. तिथे सिलोन लागतं.”

“सर, इथे काहीच लागत नाही.”

“तो संचाचा दोष आहे. तुझा दोष सिलोनचा,” असं म्हणून त्यांनी तिचा एक गुण कापला.

सत्यवतीला एकेक गुण महत्त्वाचा होता. तिचे वडील मोतीराम एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते आणि त्यांच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेलं दुसरं कोणी नव्हतं. अकोल्याला मुलींचं एक नवीन महाविद्यालय निघत होतं. तिथल्या प्राचार्यांनी पदार्थविज्ञानाच्या डेमॉन्स्ट्रेटरची जागा तिच्यासाठी ठेवली होती. अट एकच होती: सगळ्या विषयांत उत्तीर्ण, बिनतारीसुद्धा.

परीक्षेच्या तोंडावर दिल्लीहून बोलण्याची परवानगी आली. अट अशी होती, की आगाऊ मंजूर केलेला मजकूरच बिनतारीवरून बोलावा. महादेवरावांनी ‘वरूडकडे संत्र्यांचा बहर चांगला आहे’ हे वाक्य पाठवलं. बाजारभावावर परिणाम होण्याचा संभव असल्याने ते परत आलं. ‘आज अकोल्यात ऊन आहे’ हेही परत आलं, कारण हवामान हा दुसऱ्या खात्याचा विषय होता. अखेर बऱ्याच सह्यांनंतर मजकूर मंजूर झाला तो असा: ‘अकोला बोलत आहे. येथील सर्व ठीक आहे. आवाज स्पष्ट येत असावा.’ मंजुरीची एक प्रत माहितीसाठी महाविद्यालयाच्या फलकावर लावण्यात आली. दुसरी प्रत योग्य त्या मार्गाने अकोल्याला रवाना झाली. हा मार्ग किती लांबचा आहे, याची त्या वेळी कोणाला कल्पना नव्हती.

परीक्षेच्या दिवशी प्राचार्यांच्या हस्ते मोहोर फोडली. एकेक विद्यार्थी आत जाई, हेडफोन कानांवर चढवी, गरम तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज थोडा वेळ ऐके आणि उत्तरपत्रिका लिहून बाहेर येई. सत्यवतीच्या आधी तिच्या वर्गातला उत्तम गेला होता. तो घाम पुसत आला.

“काय ऐकू आलं?” तिने विचारलं.

“ऐकाचं काय त्यात? थे तर बोर्डावरच लावलं हाय.”

सत्यवती आत गेली. संच तापला की स्वर जरा सरकतो, हे तिने पुस्तकात वाचलं होतं. म्हणून ठरवून दिलेल्या खुणेपाशी न थांबता तिने कळ केसभर उजवीकडे नेली. तडतड विरली आणि तिच्या कानात एक माणूस बोलू लागला.

“अरे, कोनी हाय का अमरावतीले? मी सूर्यभान, अकोल्याहून बोलून राहिलो. बोलाचा कागद इकडं आलाच नाई. काय बोलू, थे कळवा. गळा बसला माह्या.” मग खोकला. मग थोडं दुरून, “अन् थे शेळी बाहेर काढा रे कोनी, वायर खाऊन राहिली.”

ऐकलेला संदेश जसाच्या तसा लिहावा, अशी प्रश्नपत्रिकेत सूचना होती. तिने लिहिला, शेळीसकट.

निकालात बाकी सगळे पैकीच्या पैकी गुण घेऊन आले. सत्यवतीला शून्य मिळालं. परीक्षकांचा शेरा होता: ‘परीक्षार्थीस ऐकू येते, परंतु मंजूर आहे तेच ऐकू येत नाही.’

तिने अर्ज केला. महादेवरावांनी तो उभ्या उभ्या वाचायला घेतला आणि बसून संपवला.

“तायडे,” ते म्हणाले, “तुझं उत्तर चूक असेल, तर तू एकटी नापास होतेस. ते बरोबर असेल, तर बाकीचे सगळे नापास होतात, सूर्यभानांची नोकरी जाते आणि आपला परवाना रद्द होतो. आता विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून तूच सांग, यातलं अधिक संभवनीय काय?”

“पण सर, शेळी मी कुठून आणली असती?”

महादेवरावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. “तो मुद्दा समितीपुढे येईल.”

समिती नेमली गेली. तीत एक संस्कृतचे प्राध्यापक होते, कारण श्रवणाचा उल्लेख त्यांच्या विषयात जास्त येत असे. एक डॉक्टर होते. त्यांनी सत्यवतीचे कान तपासले आणि ते पूर्णपणे निर्दोष असल्याचं खेदपूर्वक कळवलं. अकोल्याकडे विचारणा झाली. तिथून उत्तर आलं, की मंजूर मजकूर परीक्षा आटोपल्यावर मिळाला आणि मिळताच तो परीक्षेच्या तारखेपासून अमलात येईल अशा रीतीने बोलण्यात आला. शेळीबाबत असं स्पष्ट केलं होतं, की या महाविद्यालयात शेळीचे पद मंजूर नसल्याने ती हजर असण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

समितीला हे उत्तर पटलं, पण सत्यवतीची उत्तरपत्रिका तशीच राहिली. म्हणून सूर्यभान सरांना साक्षीसाठी अमरावतीला बोलावलं. आत जाण्याआधी ते व्हरांड्यात सत्यवतीपाशी थांबले. अंगाने भरलेले, आवाजाने खरोखरच बसलेले गृहस्थ होते.

“तूच का थे? सारं ऐकलं म्हनते?”

“हो, सर.”

“तासभर बोललो मी त्या डब्यात. वाटलं, भिंतीशी बोलून राहिलो. अन् तुले शेळी बी ऐकू आली?”

“आली, सर.”

“काळी होती,” सूर्यभान सर समाधानाने म्हणाले. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “पन आत जाऊन मी म्हननार, का कागदावरचंच बोललो. लेकरंबाळं हायेत मले. तू राग नको धरू, बाई. तू लय चांगलं ऐकते. जरा कमी ऐकत जाय.”

साक्ष झाली. पुरावा म्हणून अकोल्याचा संच जप्त करून तिथल्या एका सरकारी कपाटात कुलूपबंद करण्यात आला. त्यानंतर समितीने निर्णय पुढील बैठकीवर टाकला आणि पुढील बैठकीने त्याच्या पुढील बैठकीवर. वर्ष सरत आलं. अकोल्याच्या प्राचार्यांचा निरोप आला, की जागा आता अधिक काळ धरून ठेवता येणार नाही. तेव्हा महादेवरावांनी, त्यांचा स्वभाव वाईट नव्हता, खटपट करून एक तोड काढली. सत्यवतीची एकटीची फेरपरीक्षा घ्यायची. परीक्षा तोंडी, कारण लेखी उत्तरामुळे पुरावा तयार होतो आणि मागचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला होता. प्रश्नही एकच: मंजूर मजकूर ऐकू आला काय?

“पण सर, अकोल्याचा संच तर कुलुपात आहे,” सत्यवती म्हणाली. “तिकडून बोलणार कोण?”

“हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही,” महादेवराव हळुवारपणे म्हणाले.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तायड्यांच्या घरी नेहमीप्रमाणे पंचशील म्हटलं गेलं. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यापासून मोतीरामांनी हा नेम कधी चुकवला नव्हता, आणि खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाला त्यांचा आवाज आपोआप चढत असे. म्हणून झाल्यावर त्यांनी मुलीला विचारलं, “मंग उद्या काय म्हनशील?”

“ठरलं नाही, बाबा.”

“ठरवाचं काय त्यात? चौथं शील हाय.”

“अन् तुमच्या जिनातला भोंगा?” तिची आई दुर्गाबाई चुलीपुढून, भाकरी थापता थापता म्हणाल्या. “केव्हाचा मुका पडला हाय. इन्स्पेक्टर आला का तुमी सही करून देता, भोंगा वाजते म्हनून.”

“थे सही हाय. तोंडानं नाई बोललो मी कधी.”

“मंग पोरीले बी सही करू द्या.”

“सहीच तर चालत नाही, माय,” सत्यवती म्हणाली. “तोंडीच पाहिजे म्हणतात.”

समितीत बसलेली माणसं किती शिकलेली असतात, हे मोतीरामांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पितळीतली भाकरी निवली तरी त्यांनी घास तोडला नाही. मग मुलीकडे न पाहता ते म्हणाले, “अगदी हळू बोलली तर?”

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा भरली होती. बाहेरगावचे परीक्षक मधल्या खुर्चीवर, समिती उजवीकडे, महादेवराव डावीकडे. साक्षीदार म्हणून सूर्यभान सरांनाही बोलावलं होतं. म्हणजे अकोल्याचा संच अकोल्याला कुलुपात होता आणि अकोल्याचा आवाज अमरावतीत खुर्चीवर बसून पान चघळत होता. ही गोष्ट खोलीतल्या प्रत्येकाच्या ध्यानात आली होती आणि प्रत्येकाने ती आपल्यापुरती ठेवली होती.

सत्यवतीने हेडफोन चढवले, कळ फिरवली, खुणेवर नेली, खुणेच्या पुढे नेली, परत आणली. मोहरी तडतडत राहिली.

परीक्षक अनुभवी होते. मुलीला धीर यावा म्हणून त्यांनी आधी इतरांना विचारलं. “महादेवराव, आपल्याला कसं वाटलं?”

“स्पष्ट,” महादेवराव म्हणाले. हेडफोन एकच होता आणि तो सत्यवतीच्या कानांवर होता.

संस्कृतच्या प्राध्यापकांना उच्चार निर्दोष वाटले. डॉक्टरांनी मान डोलावली.

“माह्याच आवाज होता, सर,” सूर्यभान सरांनी खिडकीतून पिंक टाकून सांगितलं. “मी वळखला.”

मग परीक्षक सत्यवतीकडे वळले. त्यांचा चेहरा प्रेमळ होता. गुणपत्रिका समोर उघडी होती आणि टाक दौतीत बुडवून तयार होता. “बाई, घाई नाही. मंजूर मजकूर ऐकू आला काय?”

सत्यवतीने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. दाराबाहेर मोतीराम टोपी हातात धरून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, आणि शील म्हणताना हलतात तसे नव्हते. एका शब्दाचा तर प्रश्न होता. त्या शब्दाने कोणाचं नुकसान नव्हतं. सूर्यभानांची नोकरी राहत होती, उत्तमची पदवी राहत होती, अकोल्याची जागा मिळत होती. एवढ्याशासाठी कोणी अडून बसतं का, असं महादेवरावांना वाटत होतं, दाराबाहेर मोतीरामांना वाटत होतं. आणि इतका वेळ समितीला हसून घेतलेल्या वाचकालाही या घडीला नेमकं तेच वाटत असेल. त्याने तो शब्द तिच्या वतीने मनात उच्चारूनही टाकला असेल.

खोलीत सगळे किंचित पुढे झुकले.

“नाही, सर,” सत्यवती म्हणाली. “काही ऐकू आलं नाही.”