वकिलाचा आग्रह

न्यायाला उशीर झाला की तो न्याय उरत नाही, हे जगमान्य तत्त्व आहे. त्यावरून न्याय जितका लवकर तितका तो जास्त, हे ओघानेच आलं. आमच्या इराणचा राजा पळाला त्या वर्षी गावात, मुलींच्या शाळेतल्या सातवी ब च्या वर्गात क्रांतीचं न्यायालय बसलं, ते याच तत्त्वावर. पहिल्याच महिन्यात एका खटल्याची सरासरी एकोणीस मिनिटांवर आली. (पैकी पाच चहाला.) शिक्षा एकच असल्याने ती निवडण्यात वेळ जात नसे, शाळेच्या मागच्या भिंतीपाशी ती लगेच व्हायची. अपिलाची सोय होती, पण अपील करायला कुणी परत आलं नाही. यावरून लोक समाधानी आहेत, असं अहवालात नमूद आहे.

एकोणीस मिनिटंही काझीसाहेबांना जास्त वाटत होती. तेव्हा कारकून नुसरतुल्ला दबीरी यांनी एक सुधारणा सुचवली. आरोपीला ‘वकील हवा का?’ हे तीनदा विचारलं जाई. कारण आमच्यात पहिल्यांदा ‘हो’ म्हणणारा माणूस हावरट समजतात. चहा असो, जेवण असो, मोटारीतली पुढची जागा असो; दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा नाइलाजाने घ्यायचं. नुसरत म्हणाले, “एकदाच विचारू, साहेब. अर्जावर दोन रकाने वाचतील.” कागदाची टंचाई होतीच. (चहाचा आग्रह मात्र तीनदाच राहिला. क्रांती झाली म्हणून माणुसकी सोडायची नसते.)

सुधारणेचा पहिला लाभ सैफुल्ला नानवाईला झाला. हा रोट्या भाजणारा, सगळ्या गल्लीचा लाडका. वकील हवा का म्हटल्यावर तो म्हणाला, “राहू द्या हो, कशाला तुम्हाला त्रास.” आणि दुसऱ्या विचारण्याची वाट बघत हसऱ्या चेहऱ्याने उभा राहिला. भिंतीपाशी नेलं तेव्हाही तो तसाच होता. नुसरतना फार वाईट वाटलं. आठवड्याने बढती मिळाली, तेव्हा जरा कमी वाटलं.

खटले आठ मिनिटांवर आले. मग गावातले आरोपी संपत आले आणि न्यायालय घरच्या माणसांकडे वळलं. एका मंगळवारी खुद्द नुसरतना धरलं.

बायको तूरान फाटकावर भेटायला आली. “हे बघा, पहिल्या झटक्यात हो म्हणायचं. माझ्या आईकडे तीन वेळा ताट फिरवून आणावं लागतं तुमच्यासाठी. तिथे ते चालतं. भीड भिकेची बहीण, कळलं?”

“अगं, नियम माझाच आहे,” नुसरत म्हणाले. “मला शिकवतेस?”

“तुमचाच आहे म्हणून तर धाकधूक वाटते.”

रात्रभर आणि वर्गात नेईपर्यंत ते पुटपुटत होते, “हो, हवा. हो, हवा.” वर्गात काझीसाहेब उठून उभे राहिले. “या, नुसरतआगा. चहा?” नुसरतनी नको म्हटलं. पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा घेतला, खडीसाखर दातात धरली आणि त्यांना बरं वाटलं. ओळखीचं माणूस, आपलाच वर्ग, आपणच आणलेला चहाचा समोवार.

काझीसाहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, “वकील हवा का तुम्हाला?”

नुसरतनी छातीवर हात ठेवला, मान झुकवली. “छे छे! आपण असताना वकिलाची काय गरज?”

नव्या कारकुनाने एकुलत्या रकान्यात ‘नको’ लिहिलं. नुसरत हसऱ्या चेहऱ्याने दुसऱ्या विचारण्याची वाट बघत राहिले. खटला सात मिनिटांत आटोपला. हा विक्रम अजून त्यांच्याच नावावर आहे.

ता. क. : सैफुल्लाचा आणि नुसरतचा गुन्हा काय होता, हे लिहायचं राहून गेलं. वाचक मंडळी सभ्य आहेत. इथवर आली, पण एकदाही विचारलं नाही.