धर्माजी ड्रेसरांचा उजवा हात

कडावच्या जनावरांच्या दवाखान्यातले ड्रेसर धर्माजी परीक्षेला घाबरणारे नव्हते. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून रेडकू ओढून काढणाऱ्या माणसाला मोटारसायकलच्या परवान्याचे चार प्रश्न काय जड, असं ते चहाच्या हॉटेलात म्हणत, दूध घालायला आलेल्यांना म्हणत, आणि एकदा तर इंजेक्शन देता देता एका बैलालाही म्हणाले. बैलानं मान हलवली. धर्माजींनी तो होकार धरला.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. दवाखान्याला एक राजदूत मोटारसायकल मंजूर झाली होती. तोवर धर्माजी सायकल रेटत गावोगाव जात. मागच्या पावसात ते पोशीरला पोचेपर्यंत जैतूची गाभण म्हैस गेली होती, आणि ती त्यांच्या मनातून काही जात नव्हती. आता गाडी दाराशी उभी होती, पण वरून निरोप होता: महिन्याच्या आत शिकाऊ परवाना काढा, नाहीतर गाडी दुसऱ्या दवाखान्याला जाईल.

धर्माजी नियमाचा माणूस. परवाना नाही तोवर गाडीला हात लावायचा नाही. रोज सकाळी पुसायचे, तेही लांब काठीला फडकं बांधून.

परीक्षा तोंडी होती. परवान्याचे साहेब महिन्यातून एकदा कर्जतला येत आणि डाक बंगल्यासमोरच्या मैदानात टेबल टाकून प्रश्न विचारत. धर्माजींना तयार करायचं काम घेतलं अब्बासनं. अब्बास कडावचं दूध टेंपोनं कर्जतला नेई, म्हणजे या विषयातला मोठाच माणूस. संध्याकाळी तो ओट्यावर बसे आणि शिकवणी सुरू होई.

"अरुंद पुलावर समोरून गाडी आली, तर आधी कोन जानार?"

"तूच सांग."

"ज्याचा हॉर्न मोठा तो."

धर्माजींची बायको पुतळाबाई शेजारीच तांदूळ निवडत बसलेली असे. चौथीपर्यंत शिकलेली बाई. नियमांचा छापील तक्ता तिच्या मांडीवर असे.

"अवो, हितं तर लिवलंय, समोरच्याला आदी जाऊ द्यायचं."

"लिवलंय खरं, वहिनी," अब्बास म्हणाला, "पन समोरच्यानं ते वाचलेलं नसतं."

असं करत करत धर्माजींना पाट्या पाठ झाल्या. राहिले हाताचे इशारे. तेव्हा गाड्यांना वळायचे दिवे क्वचितच असत, सगळा कारभार उजव्या हाताचा. तळवा उभा धरला की थांबतोय. हात आडवा करून खाली-वर केला की हळू होतोय. हात नुसता आडवा धरला की उजवीकडे वळतोय, आडवा हात गोल फिरवला की डावीकडे. हात मागून पुढं हलवला की मागच्यानं खुशाल पुढं जावं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी धर्माजींनी याची उजळणी सायकलवर करायची ठरवली आणि कळंबच्या रस्त्यानं निघाले. पहिल्याच वळणावर उजवा हात आडवा केला तर मागून येणारी एसटी थांबली. कंडक्टर म्हणाला, "बसायचंय?" हे म्हणाले, "नाय, वळायचंय." कंडक्टर जे म्हणाला ते तक्त्यात नव्हतं.

पुढं पोशीरच्या फाट्यावर जैतू आपली जनावरं घेऊन उभा होता. धर्माजींचं लक्ष नव्हतं. ते तोंडातल्या तोंडात नियम पुटपुटत होते. जैतूच्या समोर त्यांनी तळवा उभा धरला. मग हात खाली-वर केला. मग गोल फिरवला आणि एक अक्षर न बोलता डावीकडे निघून गेले.

जैतू जागच्या जागी गार झाला. जनावरांचा ड्रेसर सांगतोय, थांबवा, खाली बसवा, माघारी फिरवा. आणि बोलायलासुद्धा थांबत नाही. म्हणजे लाळ-खुरकूत आली.

दिवेलागणीपर्यंत ती पोशीरहून कळंबला पोचली. रोग नव्हे, बातमी.

सकाळी माणसं जनावरं घेऊन कडावला आली, तर दवाखान्याला कुलूप. शेजारच्या अंबूबाईंनी सांगितलं, "ड्रेसर कर्जतला साह्येबाकडं गेल्यात." आता जनावरांच्या ड्रेसरचा साहेब म्हणजे जनावरांचाच मोठा डॉक्टर, यात कुणाला शंका येणार? सगळा कळप तसाच कर्जतच्या रस्त्याला लागला.

तिकडे मैदानात धर्माजी साहेबांपुढं ताठ उभे होते. साहेब थंड स्वभावाचे, चष्म्यावरून बघणारे. पाट्या झाल्या, सगळ्या बरोबर.

"अरुंद पूल. समोरून गाडी. आधी कोण?"

"ज्याचा हॉर्न मो—" धर्माजींनी जीभ चावली. "मोठ्या मनानं समोरच्याला जाऊ द्यायचं, साहेब."

"मोठं मन नियमात नाही, पण चालेल. आता इशारे करून दाखवा. थांबतोय."

धर्माजींनी तळवा उभा धरला, आणि साहेबांच्या पाठीमागं रस्त्यावर कळप दिसला. पुढं जैतू. ड्रेसरांचा तळवा बघून जैतू थांबला, कळप थांबला.

"हळू होतोय."

हात खाली-वर झाला. माणसांनी जनावरांच्या पाठी थोपटून त्यांना शांत केलं.  काय चाललंय ते धर्माजींना कळेना, पण परीक्षा सोडून बोलायचं कसं?

"डावीकडे."

हात गोल फिरला. जैतूनं डावीकडे बघितलं. डावीकडे मैदानाचं फाटक होतं.

"मागच्याला पुढं जाऊ द्या," साहेब म्हणाले, आणि धर्माजींनी तेही इमानानं केलं.

मग मात्र फार काही नीट सांगता येत नाही. टेबल कुणी पाडलं ते कळलं नाही. परीक्षेला आलेली माणसं झाडावर गेली. साहेब आपल्या जीपच्या बॉनेटवर चढले, तर जैतू त्यांच्यापुढं बैलाचा जबडा फाकून उभा.

"साह्येब, एवढी लाळ बगा की."

"अहो, मी जनावरं तपासत नाही. मी गाड्यांचा साहेब आहे."

"मग तर झालंच. ह्यो गाडीचाच बैल हाय."

धर्माजी मध्ये शिरले. कसली खुरकूत, कुणी सांगितली, असं विचारत गेले आणि उत्तर फिरून फिरून त्यांच्याच हाताशी येऊन थांबलं. तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. जैतू म्हणाला, "आमी रातभर डोळ्याला डोळा नाय लावला, धर्माजी. मागची म्हैस गेली तवापास्नं तुमी हात हलवला तरी काळीज हलतं."

 परवाना गेला, गाडी गेली, हे धर्माजींना दिसतच होतं. पण माणसं एवढ्या लांब आली होती. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि तिथंच एकेका जनावराचं तोंड उघडून, खूर उचलून बघितले. सगळी ठणठणीत. एका गाईच्या खुरात काटा होता, तो काढला. साहेब बॉनेटवरून बघत होते.

मैदान मोकळं झाल्यावर साहेब खाली उतरले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "इतकी वर्षं परीक्षा घेतोय. इशारा केल्यावर मागचा खरंच थांबला, असं आज पहिल्यांदा घडलं. पास."

रविवारी सगळं कडाव बघायला जमलं. धर्माजी गाडीवर बसले, मागं अब्बास. गाडी सुरू झाली, चालली, आणि देवळापाशी धर्माजींनी वळण्याआधी नियमाप्रमाणे उजवा हात आडवा केला. गाडीनं दोन आचके दिले आणि दोघांना घेऊन शेणखताच्या ढिगात बसली.

"हात का सोडला?" अब्बास शेणातून म्हणाला. "वेग त्याच मुठीत हाय न्हवं!"

ही गोष्ट तक्त्यात नव्हती. धर्माजींनी महिनाभर सराव केला, पण गाडी चालली की सराव करायला हात रिकामा राहायचाच नाही. सायकलीवर जमे तसा एका हातानं तोल त्यांना गाडीवर कधी जमलाच नाही. पक्क्या परवान्याच्या वेळी साहेबांनी फक्त सरळ चालवायला लावलं, हे नशीब. बहुधा बैलांची आठवण असावी. आणि इशारा न करता वळायचं, हे तर धर्माजींच्या रक्तात नव्हतं.

तोड काढली पुतळाबाईनं. नऊवारीचा काचा मारून ती दोन्हीकडे पाय टाकून मागं बसली. "तुमी मूठ धरा," ती म्हणाली, "हात मी करते. तक्ता माझाच पाठ हाय."

तेव्हापासून अडलेलं जनावर असलं की दोघं मिळून निघायची. पुढच्या पावसात जैतूची दुसरी म्हैस सुखरूप सुटली ती त्यामुळंच. कंदील धरायलाही पुतळाबाईच होती.

एकदा दोघं औषधं आणायला खोपोलीकडे चालली होती. हमरस्त्यावर हवालदारानं अडवलं.

"परवाना कुणाचा?"

"माझा," धर्माजी म्हणाले.

"आणि हात?"

"हिचा."

हवालदारानं सगळे नियम मनात घोळवले. असं करू नये असं कुठं लिहिलेलं त्याला आठवेना. शेवटी त्यानं कंटाळून, जा बाबांनो, असा हात झटकला. गाडी जागची हलली नाही.

"दादा," पुतळाबाईनं मागून शांतपणे विचारलं, "ह्यो इशारा कितवा?"

हवालदारानं हात खिशात घातला.