वर्षीचं ‘आखो एक डाव’

माझं अक्षर कोंबडीने पाय उमटवल्यासारखं येतं. कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी, हे चौथीत शाळेबरोबरच सुटलं. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. बोलायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून लिहिते.

वर्षी ही आमच्या शेजारच्या पाटलांची मुलगी. तिला कुठलीही गोष्ट एकदाच झालेली चालत नाही. मी कपात चहा ओतला की कॅमेऱ्याआडून आवाज येतो, “आक्का, आखो एक डाव.” म्हणजे पुन्हा एकदा. मग चहा परत पातेल्यात आणि परत कपात. मघाशी म्हणे वाफेवर ऊन पडलं नव्हतं. आमची म्हैस दारातून गेली तर तिलाही वळवून परत आणते. म्हैस निमूट येते. मीही निमूट ओतते.

तिला सिनेमे करायचेत. जुना कॅमेरा घ्यायचा होता, घरातून कोणी पैसे देईना. मी ज्वारीचे बिबडे आणि पापड करून विकते, त्यातले साठवलेले तिला दिले. हे कळल्यावर तिचे वडील, अण्णा, आमच्या ओट्यावर आले आणि माझ्यादेखत तिला म्हणाले, “आक्काना पैसा तुन्ही कमाईमझार फेड, मंग सिनेमा कर. नही ते पुढली आखाजीले लगीन.”

“चाली,” वर्षी म्हणाली. “अण्णा, हाई वाक्य आखो एक डाव म्हना ना. उजेड चांगला शे.”

अण्णा चपला घालून निघून गेले. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, अजून वेळ होता.

पहिलं काम लग्नाचं मिळालं. नवरी आईच्या गळ्यात पडून रडत होती, तेवढ्यात मधे कोणाचा तरी मामा आला. वर्षी म्हणाली, “ताई, आखो एक डाव रड.” नवरीचं रडणं तोवर संपलं होतं. तिला हसूच फुटलं. आईला फुटलं, मामालाही फुटलं. त्या लग्नाच्या फिल्ममध्ये नवरी हसत हसत सासरी गेलेली दिसते. सासू इतकी खूश झाली, की ‘मन्ही सून हासत उनी’ सांगत तिने सगळ्या नात्यात ते दाखवलं. वर्षीला आणखी लग्नं मिळाली.

दर आठवड्याला ती थोडे पैसे घेऊन यायची. पैसे द्यायला एक मिनिट लागे, पण ती तास तास बसे. कॅमेऱ्याच्या छोट्या काचेवर आठवडाभराचं सगळं मला दाखवायची.

श्रावणात मात्र घोटाळा झाला. तिने भाऊबंदांकडे बसवलेल्या कानबाई देवीवर फिल्म करायला घेतली. रात्रभर गाणी झाली, सकाळी देवीला वाजतगाजत तापीवर नेलं. बायका डोळे पुसत होत्या. वर्षीच्या काकूने देवी पाण्यात सोडली, आणि त्या शांततेत आवाज आला, “काकू, आखो एक डाव.”

“देवीले नदीमाईन परत काढू का व?” काकू कडाडली. “लाज शे का तुले?”

वर्षी तोंडावर हात ठेवून उभी राहिली. तोंडातून निघून गेलं होतं. पण भाऊबंदांनी बोलणं टाकलं, गावातली कामं बंद झाली. माझ्याकडे ती येतच राहिली, पण हातात दहा-वीस रुपये, आणि दाखवायला फक्त आमची म्हैस.

शेवटी तिने तेवढीच फिल्म जोडली आणि काकूच्या हातात मोबाइल देऊन लांब उभी राहिली. काकूने पाहिलं. पाण्यात सुटलेले स्वतःचे हात पाहिले, नथीवरून ओघळलेलं डोळ्यांतलं पाणी पाहिलं. मग मोबाइल पुढे करून म्हणाली, “आखो एक डाव दखाड.”

त्यानंतर भाऊबंदांचा अबोला सुटला. कामं शहाद्यावरून येऊ लागली, पुरुषोत्तमनगरवरूनही. होळीला काठी गावाला जाऊन तिथली होळीही टिपून आली.

आखाजी आठवड्यावर आली, तेव्हा ती शेवटचे पैसे घेऊन आली. कॅमेरा उतरंडीवर ठेवला आणि म्हणाली, “आक्का, घे. हाई शूट करनं शे.” मी पदर तोंडावर ओढून पैसे घेतले.

“आखो एक डाव. पदर आड उना.”

परत दिले, परत घेतले. मग माझा हात हलला म्हणून. मग म्हैस ओरडली म्हणून. मग कारण न सांगताच. नोटा मऊ पडल्या. मी तिच्याकडे पाहिलं, तर कॅमेऱ्यावरचा लाल दिवा कधीचा बंद होता.

“तुना घर कोनी देखस का व हाई सगळं?” मी विचारलं.

“नही,” ती म्हणाली. “पैसा फिटनात. आते मी तुनाकडे कसाले ऊ?”

मी नोटा तिच्या हातातून काढून घेतल्या, डब्यात टाकल्या आणि झाकण घट्ट लावलं.

“पैसा पुरा झायात,” मी म्हणाले. “बठ. चहा ठेवस.”