स्वल्प होल्ड

रंगोजीअण्णा लिहायला बसले की आधी इंटरनेट बंद करतात. बटण दाबून नव्हे. बटणावर त्यांचा विश्वास नाही. ते राउटरमधली वायर उपटतात, तिचं टोक कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवतात, मागे सरकून ती खरंच सुटली आहे ना हे बघतात आणि मगच खुर्चीत टेकतात. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते आणि आमच्या दोघांचं इंटरनेट एकच आहे. त्यामुळे घरून काम करताना मीटिंगमध्ये माझा चेहरा अर्धवट उघड्या तोंडासकट गोठला, की एचएसआर लेआउटमधल्या ऑफिसातले सगळे समजून जातात, अण्णा लिहायला बसले.

मी एकदा तक्रार केली. अण्णा मनापासून हळहळले, पण वायर काही लावली नाही. म्हणाले, "लिहितालिहिता बोट कुठंतरी पडलं आणि अर्धं लिहिलेलं बाहेर गेलं, तर? वायरच नाही म्हटल्यावर जातंय कुठं?"

अण्णांचे पूर्वज कुठल्याशा सरदाराबरोबर इकडे कानडी मुलखात आले आणि परत जायचं विसरले. मल्लेश्वरमच्या या घरात अजून मराठीच बोलतात, पण ती मराठी मी पुण्याहून आले तेव्हा मला पहिला महिनाभर भांडणासारखी वाटायची. अण्णांची नोकरी एका सरकारी कारखान्यात, तपासणी खात्यात झाली. तिथे संशय आलेल्या मालाला लाल चिठ्ठी लावायची आणि बाजूला ठेवायचा, याला म्हणत होल्ड. अण्णा निवृत्त झाले, पण चिठ्ठ्या लावणं काही सुटलं नाही. दुधाची पिशवी आली की दाबून बघतात आणि दूधवाल्याला म्हणतात, "स्वल्प होल्ड." म्हणजे जरा थांब. रिक्षात बसण्याआधी ड्रायव्हरला ब्रेक मारून दाखवायला लावतात. माझा भाडेकरारसुद्धा बरेच दिवस होल्डवर होता, कारण मी सही करताना पेन दोनदा झटकलं होतं.

मी सॉफ्टवेअर तपासते असं कळल्यावर मात्र त्यांचं माझ्याबद्दलचं मत एकदम सुधारलं. हे नेमकं काय काम, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, काय काय बिघडू शकेल याचा दिवसभर विचार करायचा. अण्णा थक्क झाले.

"म्हणजे भ्यायचा पगार मिळतो की गं तुला," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांची मेधाम्मा झाले आणि त्यांच्या कॉम्प्युटरची सगळी भीती माझ्याकडे आली.

अण्णांचे चार ब्लॉग आहेत. एक जुन्या रेडिओंच्या दुरुस्तीचा. एक घरच्या स्वयंपाकाचा. त्यात आमटीची कृती गॅसची नळी तपासण्यापासून सुरू होते. तिसरा मल्लेश्वरमच्या झाडांचा. तो कानडीत आहे, बराच वाचला जातो, आणि कुठलं झाड कधी पडलं, कुणी तोडलं, हे अण्णा त्यात न भिता लिहितात. चौथा अक्कासाठी. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, कॅनडात मुलाकडे असते. हा चौथा ब्लॉग आणखी कुणाला दिसत नाही. त्यावर काही टाकलं की ते ईमेलने अक्काच्या टॅबलेटवर जातं, आणि ती मोठी अक्षरं करून वाचते.

तर या चार ब्लॉगांसाठी अण्णांना एकच सॉफ्टवेअर हवं होतं. घरच्या कॉम्प्युटरवर बसणारं, वायर काढलेली असतानाही लिहू देणारं, आणि लिहून तपासून झालं की ज्या ब्लॉगचं त्या ब्लॉगवर पोचवणारं. मला वाटलं, एका रविवारचं काम.

पावसाळा गेला, थंडी आली, तरी आम्ही शोधतच होतो. प्रत्येक सॉफ्टवेअरला अण्णा तीन प्रश्न विचारत. वीज गेली तर? नेट गेलं तर? मी गेलो तर? पहिल्या दोन प्रश्नांना बरीच सॉफ्टवेअरं उत्तीर्ण झाली. तिसऱ्याला काय उत्तर द्यायचं हे मलाही कळेना.

एक सॉफ्टवेअर आपणहून मजकूर जतन करायचं. अण्णा खुर्ची मागे ढकलून उभे राहिले. "मला न विचारता ठेवतंय की गं हे. कुठं ठेवतंय?" दुसरं चांगलं होतं, पण त्याची शेवटची सुधारणा फार जुनी निघाली. ते बनवणारा माणूस हयात आहे का, हे शोधण्यात अण्णांनी आठवडा घालवला. पत्ता लागला नाही तेव्हा फार उदास झाले आणि ते काढून टाकताना हळूच म्हणाले, "पाप." कानडीत पाप म्हणजे बिचारा. तिसऱ्याने चारही पासवर्ड एकदम मागितले. अण्णांनी स्क्रीनवर टॉवेल टाकला आणि मला जिन्यावरून हाक मारली.

सगळ्यात जास्त छळ मात्र एका शंकेने केला. अक्काचं आणि बाकीचं मिसळणार नाही ना? रेडिओचं आमटीत गेलं तर चालेल, पण अक्काच्या ब्लॉगवर दुसरं अक्षरही जाता कामा नये. दर वेळी हेच. शेवटी एका संध्याकाळी माझा संयम सुटला. गेलं समजा झाडांबद्दलचं एखादं अक्काला, तर काय आभाळ कोसळणार आहे, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

अण्णांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी अक्काचा ब्लॉग उघडला. तिथे फक्त एक संपिगेचं झाड होतं. संपिगे म्हणजे आपला सोनचाफा. संपिगेला कळ्या आल्या, संपिगेवर कोकीळ बसला, काल वारा फार होता पण संपिगे बरी आहे. प्रत्येकाबरोबर फोटो.

"हे फाटकातलं झाड," अण्णा म्हणाले. "अक्कानं लावलेलं."

मी रोज त्या फाटकातून ये-जा करते. तिथे झाड नाही.

मग त्यांनी सांगितलं. भावोजी गेल्यावर अक्का या घरी राहायला आली आणि तिने ते रोप लावलं. सकाळी चहा घेऊन ती त्याच्याशी बोलत बसायची. अण्णांचं लग्न झालेलं नव्हतं. घरात ही दोघं आणि झाड. गुडघे गेल्यावर मुलगा तिला घेऊन गेला. निघताना ती टॅक्सीतून म्हणाली होती, संपिगे सांभाळ, मी आलेच. त्यानंतर नळ की गटार कशासाठी तरी रस्ता रुंद करायचा निघाला आणि कुणीतरी येऊन झाडाच्या बुंध्याला पांढऱ्या रंगाची खूण करून गेलं. अण्णांनी अर्ज केले, लोकांना भेटले, दिवसचे दिवस फाटकात खुर्ची टाकून बसले. मग एका सकाळी रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरसाठी तेवढे चिकपेटच्या बाजारात गेले. परत आले तेव्हा फाटक उजेडाने भरलं होतं.

"अर्धा दिवस गेलो गं," अण्णा म्हणाले. "अर्धाच दिवस."

फोटोतलं झाड पंधराव्या क्रॉसवरचं, म्हणजे पंधराव्या आडव्या गल्लीतलं होतं, कुण्या परक्याच्या घरासमोरचं. त्या घराचं हिरवं फाटक दिसू नये म्हणून अण्णा रस्त्यावर उकिडवे बसून फोटो काढत. तिथल्या बाईंनी त्यांना चोर समजून दोनदा हटकलंही होतं.

मी विचारलं, अक्काला खरं सांगितलं तर काय होईल. वाईट वाटेल, पण ती समजूतदार आहे ना?

"येते, येते म्हणती दर वर्षी," अण्णा म्हणाले. "झाडासाठी येणार म्हणती. झाडच नाही म्हटल्यावर ती कशाला येईल?"

त्यानंतर मी त्यांची चेष्टा केली नाही. ती भीती मलाही लागली. ऑफिसात बँकांची सॉफ्टवेअरं तपासताना मी इतकी काळजी घेतली नसेल तितकी अण्णांसाठी घेतली. शेवटी एक साधंसं सॉफ्टवेअर सापडलं. वर ब्लॉगचं नाव निवडायचं, खाली लिहायचं, पाठवायच्या बटणाआधी एकदा विचारतं. अण्णांनी दोन आठवडे त्याला होल्डवर ठेवलं आणि मग एका शनिवारी संध्याकाळी त्यातून अक्काला संपिगेचा फोटो पाठवला. व्यवस्थित गेला. अण्णांनी मला केशरी भात खायला बोलावलं.

रविवारी सकाळी त्यांनी झाडांच्या ब्लॉगसाठी मोठा लेख काढला, कारखान्यातल्या शिस्तीने लिहिलेला. मल्लेश्वरममधून आजवर कोणती झाडं गेली, सगळी नावानिशी. या बाबतीत अण्णा स्वतःलाही सोडत नाहीत. शेवटच्या परिच्छेदात होतं, आमच्या फाटकातली संपिगे, जी मी वाचवू शकलो नाही. लेख आदल्या रात्रभर होल्डवर होता. आता त्यांनी शब्द न् शब्द तपासला, स्वल्पविराम तपासले, फोटो तपासले. वायर लावली आणि पाठवला. सॉफ्टवेअरने विचारलं, पाठवू? अण्णा हो म्हणाले. वरचं ब्लॉगचं नाव त्यांनी बघितलं नाही, कारण ते त्यांनी लिहिलेलं नव्हतं. कारखान्यात माणूस स्वतः केलेलं तपासतो. आणि सॉफ्टवेअरला आदल्या संध्याकाळचं नाव आठवत होतं.

मला हाक ऐकू आली ती हाकेसारखी नव्हतीच. मी खाली गेले तर अण्णा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून स्क्रीनसमोर बसले होते. मी ब्लॉगवरून लेख काढून टाकला. पण ईमेल निघून गेली होती. तिच्या मुलाला फोन करू या, मी म्हटलं, तो टॅबलेटवरून पुसून टाकेल. अण्णांनी मान हलवली.

"गेटबाहेर गेलेला माल परत बोलवायचा नसतो. आणि त्या पोरालाही खोट्यात कशाला ओढायचं?"

कॅनडात रात्र होती. अक्का उठायची म्हणजे आपली संध्याकाळ व्हायची. तो रविवार मी कधी विसरणार नाही. अण्णा जेवले नाहीत. त्यांनी गॅसची नळी तपासली नाही, दुधाची पिशवी दाबली नाही. माणूस भ्यायचा थांबला की किती भीती वाटते ते मला त्या दिवशी कळलं. दुपारी ते फाटकात जाऊन उभे राहिले आणि जिथे आता नुसत्या फरशा आहेत तिथे बराच वेळ बघत राहिले. मी चहा करून नेला. कप हातात तसाच निवला.

ऊन उतरलं तेव्हा फोन वाजला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. तू घे, असं म्हणायचं होतं त्यांना, पण मग त्यांनी स्वतःच उचलला आणि ऐकायला कमी येतं म्हणून नेहमीसारखा स्पीकर लावला.

पलीकडे अक्का होती. नुसता श्वास. मग रडल्यासारखं काही, मग नाक ओढल्याचा आवाज. अण्णांनी फोन दोन्ही हातांनी धरला. अक्का म्हणून त्यांनी एकदा हाक मारली.

"कधी गेलं?" अक्काने विचारलं.

अण्णांनी सांगितलं. चिकपेटचंही सांगितलं.

"मग एवढी वर्षं फोटो धाडतोस ते कुणाचं?"

"पंधराव्या क्रॉसचं."

"त्याला पाणी कोण घालतं?"

अण्णा गोंधळले. उन्हाळ्यात आपणच बाटली घेऊन जातो, असं त्यांनी चोरी पकडल्यासारखं कबूल केलं.

"सरी," अक्का म्हणाली. सरी म्हणजे बरं. "रोज सकाळी त्याच्याशीच बोलतीय की मी. आले की दाखव मला."

अण्णांनी फोन खाली ठेवला आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता. मी वर निघून आले. थोड्या वेळाने माझं इंटरनेट गेलं आणि मला फार बरं वाटलं.

अक्का या उन्हाळ्यात येणार म्हणते. गुडघे काय म्हणतात त्यावर आहे. अण्णांनी ते सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि नव्याचा शोध चालू आहे. दरम्यान, त्यांना नवीन भीती लागली आहे. रोज सकाळी ते पंधराव्या क्रॉसला जातात आणि त्या संपिगेभोवती एक फेरी मारतात. हिरव्या फाटकाच्या बाई आता त्यांना कॉफी देतात. बुंध्याला कुणी पांढरी खूण केली नाही ना, एवढंच त्यांना बघायचं असतं. जी बाजू भिंतीकडे आहे ती दिसत नाही, म्हणून तिथे हात घालून चाचपतात.

मेट्रोला जाताना तो रस्ता मला लांब पडतो. तरी मी हल्ली तिकडूनच जाते आणि भिंतीकडच्या बाजूला हात घालून बघते.