महागाई विचारणारी भागरथामाय

पवनीच्या बाजारात भागरथामायकडून मासोळी घ्यायची तर आधी तोंडी परीक्षा द्यावी लागते. आपण म्हणावं, "अर्धा किलो रोहू द्या." ती तराजू बाजूला ठेवते अन् विचारते, "पयले सांग बाप्पा, महागाई वाढली का कमी झाली?"

"वाढली" म्हटलं की मासोळी साफ करून, तुकडे पाडून मिळते. "कमी झाली" म्हणणाऱ्याच्या पिशवीत ती खवल्यांसकट जाते. एका सरकारी कारकुनानं एकदा "तसं पाहिलं तर..." अशी सुरुवात केली. त्याला एकाच बाजूनं खवले काढलेली मासोळी मिळाली.

मी तिचा शेजारी, त्यामुळे अर्थशास्त्र मला घरपोच मिळतं. "जाळ्यावर टॅक्स, बरफावर टॅक्स. पान्यात उतरनंच तेवढं फुकट हाये. हळू बोल, सरकारवाले आयकतीन!" पिढ्यान्‌पिढ्या तिचे लोक ज्या तलावात जाळं टाकत होते, तो लिलावात बाहेरच्या ठेकेदाराला गेला. तिची तक्रार वेगळीच होती. "गेला तं गेला. पन त्या ठेकेदाराले पान्यात पोवता तं येवाले पायजे का नाई?" अन् फुकटच्या तांदळाबद्दल म्हणते, "धान आमी पिकवाचा, अन् थैलीवर फोटो पुढाऱ्यायचा!"

मागच्या उन्हाळ्यात घाटाच्या सुशोभीकरणाचं उद्घाटन करायला मंत्री येणार होते. कोणी निषेध करील म्हणून पोलीस सकाळपासून काळ्या वस्तू गोळा करत फिरत होते. भागरथामायच्या डोक्यावर काळी छत्री होती.

"माय, छत्री द्या. काळी आहे."

"घमेल्यातली मरळ मासोळीबी काळीच हाये. तिले काहून सोडता?"

बाजार हसला, अन् शिपायाचा इगो दुखावला. तो तिला ठाण्यात घेऊन गेला. मासोळीचं घमेलं तिनं सोडलं नाही, तेही गेलं. बाहेर ऊन, आत पंखा बंद. दुपारपर्यंत घमेल्यानं आपलं म्हणणं मांडायला सुरुवात केली. ठाणेदार नाकाला रुमाल लावून आले. "बाई, तुम्ही घरी जा."

"अजून मंत्री गेला नाई ना साहेब? मी तं देशाले धोका हाओ!"

शेवटी त्यांनी तिला जीपमधून घरी सोडलं, छत्रीसकट. महिनाभर ती गिऱ्हाइकांना सांगत होती, "सरकारी गाडीत आली मी. तुमी कवा बसले?"

पण सगळ्यांचंच असं हसण्यावारी जात नाही. आमच्याच आळीतला प्रशांत, शिकलेला, नोकरी नसलेला. सरकारी भरती रखडली म्हणून त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ टाकला. त्यात शिवी नव्हती, प्रश्न होते. त्याला मात्र जीपनं घरी सोडलं नाही. कोर्टातून सरळ भंडाऱ्याच्या जेलमध्ये नेलं. घरी त्याची आई एकटी, कमलाबाई. आळीनं त्या घराकडे पाहणं बंद केलं. दळण न्यायलाही बाया दुसऱ्या बाजूनं जाऊ लागल्या.

भागरथामाय मात्र बाजार आटोपला की आंघोळ करायची, धुतलेलं लुगडं नेसायची अन् तिकडे जायची. कमलाबाईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, मासोळीचा वास चालत नाही. मला वाटलं, तिथे आता सरकारचा उद्धार सुरू होणार.

एक दिवस मी प्रशांतच्या वकिलाचा निरोप द्यायला गेलो. ओसरीवर कमलाबाई पाठमोरी बसली होती अन् भागरथामाय तिच्या डोक्याला तेल लावत होती. केसांचा गुंता झाला होता. कित्येक दिवसांत फणी लागली नसावी.

"ऱ्हाऊ दे वं," कमलाबाई म्हणत होती. "कोनाले दाखवाचं हाये?"

"उद्या पोराले भेटाले जाऊन राहिली ना? अशा झिपऱ्या पायल्या तं तो आतमंदी रात्रभर विचार करंन, मायकडे कोनी पायत नाई म्हनून."

कमलाबाईनं डोळ्यांना पदर लावला. मी निरोप सांगितला. भागरथामायनं मान हलवली. बटांमधला गुंता ती बोटांनी, न ओढता, सोडवत राहिली.