पाच आवृत्त्यांचे ढमढेरेमामा

माणूस उंचावरून पडला तर त्याला किती लागतं, या प्रश्नाची पाच वेगवेगळी उत्तरं आहेत असं मानणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला. ते म्हणजे आमचे ढमढेरेमामा.

एकदा आमच्या कारखान्यातला एक फिटर बॉयलरच्या शिडीवरून खाली आला. म्हणजे उतरला नाही, आला. आम्ही त्याला उचलून कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. लता सिस्टर त्याचा घोटा बघत होत्या, तो आईच्या नावाने ओरडत होता, आणि मामा दारात उभे राहून विचारत होते, "किती फुटांवरून पडला?" कोणीतरी दहा-बारा फूट म्हणालं. मामांनी डोळे मिटून हिशोब केला. "पहिल्या आवृत्तीत याला फारसं काही होत नाही. तिसरीत मात्र उडी मारली की पडला, हे आधी ठरवावं लागेल."

फिटर ओरडायचा थांबला. "साहेब, पडलोय हो मी," तो म्हणाला.

मामा दौंड तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात लॅब केमिस्ट होते. कारखान्याचं नाव सांगत नाही, आता सांगून कोणाचं भलं व्हायचं नाही. मी तिथेच टाइम ऑफिसला, म्हणजे कामगारांच्या हजेरीवर. कॉलनीत मामांची क्वार्टर माझ्या शेजारी होती. त्यांची बायको मुलीच्या शिक्षणासाठी पुण्याला गेली आणि तिकडचीच झाली. मुलीचं लग्नही उरकलं, पण मामी काही परत आल्या नाहीत. भांडण वगैरे नव्हतं. तिथे नळाला पाणी चोवीस तास होतं, एवढंच कारण मामा सांगायचे.

मामांना नाद एकच. पुण्याला हॉस्टेलवर असताना ते एक परदेशी खेळ शिकले होते. खेळ असा की एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. वाटेत राक्षस, गुहा, खजिना. पात्राने काही करायचं म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि ते जमलं की फसलं, हे पुस्तकातल्या नियमाने ठरवायचं. साधा खेळ आहे. फक्त त्या पुस्तकाच्या आजवर पाच आवृत्त्या निघाल्यात आणि प्रत्येकीने आधीच्या आवृत्तीचे नियम फिरवून ठेवलेत. कोणीही शहाणा माणूस त्यातली एक घेऊन खेळायला बसेल. मामांकडे पाचही होत्या.

पहिली झेरॉक्स करून स्पायरल मारलेली. दुसरी पुण्याच्या फुटपाथवरची, कव्हर नसलेली. तिसरी त्यांनी लॅबच्या पाठकोऱ्या कागदांवर छापून घेतली होती, त्यामुळे ड्रॅगनच्या पानामागे उसाच्या रसाची ब्रिक्स, म्हणजे गोडीचे आकडे, निघायचे. चौथीवर त्यांचा राग होता. ती गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलेली असे आणि भांडण फारच पेटलं तरच खाली यायची. पाचवी मोबाईलमध्ये.

आम्ही खेळणारे तिघं. मी चोर झालो होतो. सिस्टर कुऱ्हाडवाल्या योद्धा, आणि दवाखान्यात कधी आवाज न चढवणारी ती बाई खेळात मुंडकी उडवण्याच्या खाली बोलतच नसे. तिसरा बिरा देवकाते, वजनकाट्यावरचा. तो मांत्रिक झाला, पण एका अटीवर. "मामा, माझ्यासंगं मेंढरं पायजेत."

"मांत्रिकाला मेंढरं कशाला रे?"

"आमच्या बापानं मेंढरं इकली तवा मी पाळण्यात हुतो. हितं तरी असू द्या की."

दुसऱ्या कोणी हसून सोडून दिलं असतं. मामांनी तीन रविवार घातले. पहिल्या आवृत्तीत मेंढी नाही. दुसरीत पाळीव जनावर म्हणून मोघम उल्लेख आहे. तिसरीत मेंढीचे सगळे आकडे आहेत, पण कळपाचे नाहीत. शेवटी माळ्यावरून गोणपाट खाली आलं. चौथ्या रविवारी बिराला मेंढरं मिळाली आणि मला डोकेदुखी, कारण ड्रॅगन दिसल्यावर मेंढरं पळतात की जागीच उभी राहतात यावर पुढचा महिना गेला.

आमची मोहीम म्हणजे डोंगरातल्या एका गुहेत शिरून ड्रॅगनचा खजिना आणणे. गाळप संपल्यापासून दसऱ्यापर्यंत, म्हणजे ऑफ सीझनला, दर रविवारी दुपारी आम्ही मामांकडे जमायचो. वर्षं गेली, आम्ही गुहेच्या तोंडाशीच होतो. राक्षसाने तलवार उगारली की मामांचा हात वर जायचा. "थांबा. आवृत्ती बघावी लागेल." एका राक्षसाने अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उगारलेली तलवार पोळ्याला खाली आली. सिस्टर म्हणायच्या, "अहो मामा, एवढ्यात मी त्याला इंजेक्शन देऊन घरी पाठवला असता."

मी तर कित्येकदा कंटाळून ठरवायचो की पुढच्या रविवारी जायचं नाही. मग रविवारी दुपारी पलीकडून भज्यांचा वास यायचा आणि मी निमूट चपला घालायचो.

मग एका वर्षी दसऱ्याला बॉयलर पेटला नाही. दर वर्षी पूजा व्हायची, चेअरमन भाषण करायचे, आम्ही पेढे खायचो. त्या वर्षी गेटवर एक कागद लागला. कोणी म्हणालं दिवाळीनंतर सुरू होईल, कोणी म्हणालं संक्रांतीला. उसाचे ट्रॅक्टर आमच्या गेटवरून सरळ पुढच्या कारखान्याकडे जायला लागले. लोक काही दिवस फाटकात उभे राहून ते बघत होते, नंतर तेही बंद झालं.

सगळी कॉलनी सुतकात असताना मामा तेवढे टवटवीत. "संजू, आता बाराही महिने ऑफ सीझन. मोहीम पुरी होणार." मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. हा माणूस वेडा तरी आहे किंवा त्याला कळूनही कळून घ्यायचं नाही, असं मला वाटलं.

पहिला बिरा गेला. शिरूरला एका पिकअपवर ड्रायव्हर म्हणून लागला. जाताना म्हणाला, "मामा, माझ्या मेंढरांचं काय?" मामा त्या प्रश्नाचीच वाट बघत असावेत. खेळाडू गैरहजर असेल तर त्याच्या पात्राचं काय करायचं? पहिली आवृत्ती गप्प. दुसरीत ते पात्र छावणीत बसतं. तिसरीत दुसऱ्या कोणी ते खेळायचं. चौथीचं मामांनी वाचूनही दाखवलं नाही. पाचवी म्हणते, तुमचं तुम्ही ठरवा. त्यावर मामा इतके चिडले की चहा सांडला. "तुमचं तुम्ही ठरवा? मग पुस्तक कशाला छापलं?"

अखेर दुसरी धरली. गुहेबाहेर छावणी पडली, तिच्यात बिरा आणि मेंढरं. पुढे सिस्टरना शिरूरच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. त्याही छावणीत. जाताना फाटकापाशी त्या मला म्हणाल्या, "एक लक्षात आलंय का तुमच्या? आपण उठायला लागलो की मामांना आवृत्ती आठवते. चहा संपला, कोणी घड्याळ बघितलं, की लगेच दुसरं पुस्तक. मी मुद्दाम घड्याळ बघून खात्री केलीय."

इतकी वर्षं मी शेजारी राहून, मांडीला मांडी लावून बसून, माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. मला स्वतःचा राग आला. त्या माणसाला नियम ठरवायचाच नव्हता. नियम ठरला की फासा पडणार, फासा पडला की डाव संपणार, आणि डाव संपला की आम्ही आपापल्या घरी जाणार. घरी माझी बायको-पोरं होती, बिराची होती, सिस्टरची म्हातारी आई होती. मामांच्या घरी मामाच होते.

एवढं कळूनही मी काय केलं? मला चाकणला एका कंपनीत टाइम ऑफिसचंच काम मिळालं आणि मी गेलो. न जाऊन करणार काय. शेवटच्या रविवारी बिरा शिरूरहून मुद्दाम आला होता. मामांनी माझं पात्रही छावणीत बसवलं. बिरा म्हणाला, "मामा, म्हंजी आता गुहेत ड्रॅगनच ऱ्हायला. आन् ड्रॅगनचं बोलायचं कुणी? तुम्हीच." आम्ही तिघंही हसलो. मग बिराची बस चुकेल म्हणून मी त्याला घेऊन निघालो. त्या दिवशी मामांनी हात वर केला नाही.

चाकणला आम्हाला भाड्याची एक खोली मिळाली. महिना-दीड महिना झाला असेल. रविवारी दुपारी मामांचा फोन आला.

"संजू, बाहेर किती दिवस बसणार? आत येतोस का?"

मला आधी कळेचना. मग कळलं. मामा एकेकाला फोन लावून मोहीम पुढे नेत होते. बिराचं झालं होतं. "गाडी लोड होतेय, पाच मिनिटांत काय ते उरका म्हणाला," मामांनी सांगितलं. सिस्टर ड्यूटीवर होत्या, त्यांनी फोन उचलला नव्हता.

"येतो की आत," मी म्हणालो.

"ये. अंधार आहे. समोर ड्रॅगन बसलाय. तुला बघतोय. आता तू घाबरतोस की टिकतोस ते बघू. पाचवीप्रमाणे फासा टाकतो."

"पाचवीप्रमाणे कसा?" मी म्हणालो. "पहिलीत तर ड्रॅगन बघून माणसं पळत सुटतात."

"सुटतात."

"आणि दुसरीत?"

पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला नाही. मी थांबलो. बायको जेवायला वाढते म्हणून खुणावत होती, तिला मी हाताने थोपवलं. मला पाचही आवृत्त्या हव्या होत्या, गोणपाटातल्या चौथीसकट.

"सांगा ना मामा, दुसरीत काय आहे?"

"पुस्तकं बांधून ठेवलीत रे. क्वार्टर खाली करायला सांगितलंय."

"तुम्हाला पाठ आहेत."

"आहेत. पण समोर कोणी ऐकणारं असलं म्हणजे वाद घालावासा वाटतो, संजू. एकट्या माणसाला एक आवृत्ती पुरते."

कुठे राहायला जाणार, मामींकडे जाणार का, हे विचारायला हवं होतं, ते विचारायचा धीर झाला नाही. तेवढ्यात टेबलावर फासा घरंगळल्याचा आवाज आला. कॉलनीत दुसरा कसलाच आवाज नसावा, इतका तो स्वच्छ आला.

"किती पडले?" मी विचारलं.

"चांगले पडलेत," मामा म्हणाले. आकडा त्यांनी सांगितला नाही.