केशरी राज्यात उष्म्याने घटिका न ढळल्याची हकीकत

श्रीसूर्यनारायण समर्थ. शके १७०९, प्लवंगनाम संवत्सरी, वैशाखमासी, शिळ्या पावावर केशरी बुरशीचे राज्य नांदत होते, तेथील वर्तमान ऐसे जे, धवलगळे म्हणोन दोघे बंधू कारभारी, त्यांचे हुकुमावाचून पान हलत नसे, आणि त्यांचेच हुकुमे मातोश्री जनुकाबाईंचे पोटी रोज नवे फेरोजी नाईक जन्मास येत, आणि नवल हेंच की नाईक वाढले म्हणजे जाऊन धवलगळ्यांचेच तोंडावर हात ठेवीत, मग हुकूम बंद, बीजकणांची फौज तळावर स्वस्थ. नाइकांचे मागे केसो शिक्केदार हिंडे, अंगावर शिक्क्यामागून शिक्का उठवी, आणि अखेरचा शिक्का पडताच नाईक गतप्राण होत, मग हुकूम सुटे आणि रात्र सरता फौज वाऱ्यावर स्वार होई. नाइकांचा मृत्यू हेंच राज्याचे घड्याळ.

त्या साली उष्मा अनिवार जाहला आणि केसोचे हात भरधाव सुटले. फेरोजींचे धाबे दणाणले. आपण दुपारीच पडलो तर फौज उन्हात निघोन भाजेल, वंश बुडेल.

"केसो, हात आवरा!"

"नाईक, हात माझे कोठे राहिले? उष्मा चालवितो त्यांस."

मग नाइकांनी मातोश्रींस हाक मारिली. त्या वदल्या, "भिऊ नको. उष्मा पाहोन तुझे भाऊ अधिक धाडिले आहेत, थोराड अंगाचे. शिक्के त्यांत वाटले जातील."

आणि खरेच भाऊ खांद्यास खांदा लावोन उभे ठाकले, आणि केसो घामाघूम जाहला, आणि दुपार टळली. मग नाइकांस जिवाचा लोभ उपजला.

"आईसाहेब, आणखी थोडे भाऊ द्या. मी वाचेन."

मातोश्रींनी त्यांस जवळ घेतले. "वाचशील रे, आणखी चार घटका. पण रात्र सरेल आणि फौज निजलेलीच राहील, मग ऊन चढता निघेल आणि तशीच भाजेल. लेकरा, लागतात तितकेच दिले."

नाईक रागावले, रडले, आणि मग धवलगळ्यांचे तोंडावरील हात घट्ट करोन उभे राहिले. थंडीच्या दिवसांत ज्या वेळी नाईक पडत, त्याच वेळी सारे भाऊ पडले. नाईक केसोस इतकेच म्हणाले, "आता उठवा शिक्का." पहाटेच्या गारव्यात फौज सुखरूप निघाली.

सारांश, उष्मा वाढला, हात धावले, घटिका ढळली नाही. उजाडता जनुकाबाईंचे मांडीवर नवे फेरोजी आले आणि डोळे उघडताच पुसते जाहले, "आई, आज ऊन किती?" मातोश्री उन्हाकडे पाहोन भाऊ किती द्यावे याचा अदमास घेऊ लागल्या.